वाशीची हवा : धुळीवर पाणी, धुराचे काय?

वाशी : हिवाळ्याची चाहूल लागली की वाशी-कोपरखैरणे परिसरातून ठरावीक तक्रार येऊ लागते. मध्यरात्रीनंतर रसायनांचा उग्र दर्प घरात शिरतो, घसा खवखवतो, दमेकऱ्यांना उठून बसावे लागते. सकाळी हवेचा निर्देशांक पाहावा, तर तो अनेकदा ‘मध्यम’ श्रेणीत असतो. तक्रारदार खोटे बोलत नसतात आणि आकडाही खोटा नसतो. तरीही दोहोंचा मेळ बसत नाही, याचे कारण निर्देशांक काढण्याच्या पद्धतीत आहे.

हा निर्देशांक आठ प्रदूषकांवर आधारलेला असून धूलिकणांसाठी त्यात चोवीस तासांची सरासरी धरली जाते. रात्री दोन ते पाच या वेळेत हवा कितीही बिघडली, तरी दुपारी खाडीवरून येणारा वारा ती सरासरी सावरून घेतो. शिवाय हायड्रोजन सल्फाइड किंवा रासायनिक द्रावकांची वाफ या आठांत मोडत नाही. ज्या वासाने माणसे जागी होतात, त्याची नोंद निर्देशांकात उमटेलच असे नाही.

भूगोलही वाशीच्या विरोधात आहे. पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एमआयडीसी आणि तिच्यामागे डोंगररांग, पश्चिमेला खाडी, अशा बेचक्यात हे उपनगर वसले आहे. दिवसा वारा पाण्याकडून डोंगराकडे वाहतो. रात्री त्याची दिशा उलटते आणि कारखान्यांवरील हवा वस्तीकडे सरकते. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर चढत नसल्याने ती तेथेच कोंडून राहते. सिडकोने हे शहर आखताना कारखाने आणि निवासी विभाग वेगळे ठेवले होते खरे. पण वाऱ्याला विभागांच्या सीमा ठाऊक नसतात.

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपल्याकडे खोकला आणि दमा यांचीच चर्चा होते. वास्तविक यात हृदयाची हानी अधिक मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बाहेरील हवेच्या प्रदूषणामुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले. त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश हृदयविकार आणि पक्षाघाताचे होते. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा असलेला पीएम २.५ हा कण नाकात किंवा घशात अडकत नाही. तो थेट फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतो. त्यातील अतिसूक्ष्म कण रक्तात उतरू शकतात. शरीरात दाह वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते, रक्तवाहिन्या आकसतात. ज्यांच्या धमन्यांत आधीच अडथळे आहेत, त्यांना काही तासांचा किंवा दिवसांचा संपर्कही हृदयविकाराच्या झटक्याकडे नेऊ शकतो, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्येच स्पष्ट केले होते. अशा रुग्णाला खोकला येतोच असे नाही, त्यामुळे त्याच्या आजाराचा हवेशी संबंध जोडला जात नाही.

हे घातक कण प्रामुख्याने ज्वलनातून येतात. डिझेल, कोळसा, भट्ट्या आणि जाळलेला कचरा हे त्यांचे मोठे स्रोत आहेत. काही कण तर धुरांड्यातून बाहेर पडलेल्या वायूंपासून हवेतच तयार होतात. रस्त्यावरची माती तुलनेने जाड असते. तीही त्रासदायक आहे, मात्र तिचा बहुतांश भाग पीएम १० मध्ये मोडतो.

उपाययोजनांचा भर मात्र मातीवरच राहिला आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील १३१ शहरांत नवी मुंबईचा समावेश झाला. त्यात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वरून मोजली गेली. दिल्लीतील विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या मूल्यमापनानुसार या कार्यक्रमातील ६४ टक्के निधी रस्त्यावरील धुळीवर खर्च झाला. उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही. रस्ते धुणे, पाणी फवारणे ही कामे डोळ्यांना दिसतात, त्यांची छायाचित्रे काढता येतात. धुरांड्याची मध्यरात्री तपासणी करण्यात तसे काही नाही.

वाशीत या साऱ्याचा भार सर्वाधिक कोणावर पडतो, हे पाहायचे तर तुर्भ्याच्या एपीएमसीत पहाटे जावे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांत मालाच्या गाड्या रात्रभर येत असतात. एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज सहा लागू झाले. रस्त्यावरचे जुने ट्रक मात्र त्यामुळे बदलले नाहीत. या गाड्यांच्या धुरात माथाडी कामगार ओझी वाहतात. श्रम करणारा माणूस विश्रांतीतील माणसापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेतो, आणि मसाला बाजारात मिरचीची पूड वेगळीच. घरात हवा शुद्ध करणारे यंत्र बसवणे हा त्यांच्यासाठी उपाय नव्हे.

पीएम २.५ साठी आपली वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. हे अंतर एका दिवसात मिटणारे नाही. मात्र काही गोष्टींना मोठा निधीही लागत नाही. रात्रीच्या तासागणिक नोंदी ठळकपणे जाहीर करता येतील. वासाची तक्रार आल्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पथक दुसऱ्या दिवशी दुपारी न जाता त्याच रात्री पोहोचू शकेल. बाजारात उभ्या गाड्यांची इंजिने बंद ठेवण्याची सक्ती करता येईल. आणि महापालिकेच्या वाशीतील रुग्णालयात दाखल होणाऱ्या हृदयविकाराच्या रुग्णांची तारीख व वेळ, नावे वगळून, हवेच्या नोंदींशेजारी मांडता येईल. दोन हिवाळ्यांची अशी माहिती हाती आली, तर पाण्याचा टँकर कुठे पाठवायचा आणि तपासणी पथक कुठे, हे ठरवायला अंदाजाची गरज उरणार नाही.