फटक्याचे बळ कोठून येते?

बेसबॉलचा चेंडू दूर धाडण्यास पिळदार दंडच हवेत, असे समजून पुष्कळ किरकोळ बांध्याची मुले आरंभीच निराश होतात. हे बरे नव्हे. अमेरिकेचे हँक आरन काही धिप्पाड नव्हते. तरीही १९५४ ते १९७६ या काळात त्यांनी ७५५ होमरन केले.

फटक्याचे बळ पायांतून वर चढते. भार प्रथम मागच्या पायावर घ्यावा. पुढचा पाय टेकताच कंबर वळावी, तिच्यामागून खांदे, आणि हात सर्वांत शेवटी. हातांनी घाई केली, की कमरेचे बळ वाया जाते. बॅट फार आवळून धरू नये. ताठरलेल्या मनगटाने तिची गती मंदावते. फेकलेला चेंडू उतरता येतो, म्हणून टेड विल्यम्स बॅट किंचित चढती फिरविण्यास सांगत. मुलांनी हा क्रम आधी सावकाश गिरवावा; जोर मागाहून लावावा.