सही घेण्याआधी

सातारा जिल्हा परिषदेनं 2007 साली नवविवाहितांसाठी एक योजना आणली. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. ‘हनिमून पॅकेज’ म्हणून ती पार परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गाजली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सुनेला ‘काही बातमी?’ विचारणाऱ्या घरात ‘आम्हाला थांबायचंय’ म्हणायला त्या मुलीला सरकारी आधार मिळाला, याचं मला मोल वाटतं. पण पैसे होते थांबण्याचे. थांबायचं कसं, हे ठरवताना तिला कुणी नीट समजावलं का, यावर काही मिळत नव्हतं.

खरी गोम तिथंच आहे. निरोध, गोळ्या, तांबी हे सरकारी दवाखान्यात पूर्वीपासून फुकट मिळतं. 2017 पासून ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळीही आली. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं. त्यानं पाळी मागंपुढं होते, कधी थांबतेही. हे आधी सांगितलं नसेल तर बाई घाबरते आणि पुढच्या इंजेक्शनला फिरकत नाही. मग नोंद होते, ‘लाभार्थी आली नाही’.

आणि शेवटी उरतं ऑपरेशन, तेही बाईचंच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 49.1 टक्के विवाहितांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचं प्रमाण 0.4 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया किती तरी सोपी असताना! याला निवड म्हणायला माझं मन धजत नाही.

बाईच्या नसबंदीला नवऱ्याच्या संमतीची गरज नाही, असं केंद्राच्या सूचनाच सांगतात. तिनं ऐनवेळी नकार दिला तरी बाकीच्या सेवा बंद करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. हे किती जणींना ठाऊक आहे?

सांगलीत ‘संग्राम’ संस्थेनं 1992 पासून वेश्या व्यवसायातल्या बायकांबरोबर काम केलं. तिथं निरोध वाटणाऱ्या, समजावणाऱ्या, दवाखान्यात जाब विचारणाऱ्या त्या बायकाच होत्या. त्यातूनच त्यांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. समाजानं वेशीबाहेर ठेवलेल्या बायकांना जे जमलं, ते गावातल्या लेकीसुनांना का जमू नये?

प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. आशाताई तिच्यात असतात, पण सगळा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. येत्या ग्रामसभेत बायकांनी उभं राहून विचारावं: यंदा किती जणींना सगळी साधनं समजावली, त्रास झाल्यावर किती जणींना पुन्हा तपासलं, किती पुरुष पुढं आले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं, आणि पुढच्या सभेत तेच पान उघडून पुन्हा विचारावं.