धावण्यावरची वेगाची अट

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे दोन तऱ्हेची माणसे धावतात. पहिली, पोलीस भरतीची तयारी करणारी आसपासच्या गावांतली मुले-मुली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर. किती सेकंद लागले त्यावर गुण ठरतात आणि त्या गुणांवर घराचे भवितव्य. दुसरी, चाळिशीच्या आगेमागे असलेली, नोकरी-धंदा करणारी माणसे. यांची वेळ कोणी मोजत नाही, यांना गुण मिळत नाहीत, आणि यांच्यातल्या अनेकांनी शाळा सुटल्यानंतर पंचवीस वर्षे धावण्याचा विचारही केलेला नसतो. भरती झाली किंवा वय उलटले की पहिल्या गटातल्या बहुतेकांचे धावणे थांबते. दुसऱ्या गटातली माणसे मात्र एकदा गोडी लागली की वर्षानुवर्षे धावत राहतात. हा फरक इच्छाशक्तीचा नाही. भरतीच्या मुलांइतकी जिद्द क्वचितच कुणात असते. मोठेपणी धावण्याची आवड लागते, कारण तोवर धावण्यावरची वेगाची अट गळून पडलेली असते, असे मला वाटते. आणि ही अट आपण लहानपणी घालतो, म्हणूनच ती आवड इतकी उशिरा लागते.

शाळेतले धावणे आठवून पाहावे. वार्षिक क्रीडास्पर्धेत शंभर मीटरची शर्यत, तिघांना बक्षीस, बाकीचे प्रेक्षक. एरवी धावायचे ते उशीर झाला किंवा दंगा केला म्हणून, मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा म्हणून. जे मूल पहिल्या तिघांत येत नाही ते दहा-बारा वर्षांचे असतानाच ‘मला धावता येत नाही’ असे ठरवून टाकते, आणि पुढे कोणी तो निकाल तपासून पाहत नाही. खरे तर शंभर मीटर जोरात पळणे आणि पाच किलोमीटर सावकाश धावणे या शरीराच्या दोन निराळ्या क्षमता आहेत. पहिलीत जन्मजात स्नायूंचा वाटा मोठा. दुसरी बरीचशी कमावता येते आणि ती कमावण्याचे वय पन्नाशीतही संपत नाही. डेनिस ब्रँबल आणि डॅनियल लीबरमन या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले की, लांब पल्ल्याचे धावणे हा मानवी उत्क्रांतीतला महत्त्वाचा धागा असावा. घाम गाळून अंग थंड ठेवणारी त्वचा, टाचेमागची लांब शीर, धावताना डोके स्थिर ठेवणारा मानेचा अस्थिबंध, कमरेखालचे भक्कम स्नायू ही त्यांची साक्ष. थोड्या अंतरात शेळीसुद्धा माणसाला मागे टाकते. उन्हात तासभर दुडक्या चालीने जायचे म्हटले की माणूस भल्याभल्या प्राण्यांना भारी पडतो. म्हणजे आपण मुलांची परीक्षा घेतो ती नेमक्या त्या धावण्याची, ज्यात माणूस हा प्राणी मुळात कच्चा आहे.

अविनाश साबळे यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा शाळेसाठी रोज सहाएक किलोमीटर पायपीट करायचा, पण खेळाडू म्हणून शाळेने त्याला घडवले नाही. बारावीनंतर तो लष्करात गेला, सियाचीनला राहिला आणि विशी ओलांडल्यावर, २०१५ मध्ये, लष्कराच्या क्रॉसकंट्री स्पर्धेमुळे धावण्याकडे वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक, पुढच्या वर्षी हांगझाउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. साबळे तर विलक्षण वेगवान, मग वेगाची अट नको म्हणणाऱ्याला त्यांचा काय उपयोग, असे कोणी विचारेल. उपयोग एवढाच की, ज्याच्यापाशी असा वेग होता त्यालाही शाळेची चाळणी ओळखू शकली नाही. मग ज्यांच्यापाशी फक्त धावण्याचा आनंद घेण्याची कुवत होती, अशी किती मुले तिच्यातून गळून गेली असतील? मिलिंद सोमण तर राष्ट्रीय पातळीचे जलतरणपटू, तरी त्यांचे लांब पल्ल्याचे धावणे अडतिशीच्या सुमारास सुरू झाले आणि एकोणपन्नासाव्या वर्षी, २०१५ मध्ये, त्यांनी झुरिकची आयर्नमॅन ट्रायथलॉन पूर्ण केली.

मोठेपणी धावायला निघालेला माणूस पहिल्या दिवशी ती शाळेची शर्यतच धावतो. तीनशे मीटरवर धाप लागते, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात, आठवड्याने बूट कपाटात जातात. इथे कुणी जाणत्याने एकच गोष्ट सांगायला हवी असते: शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावा, बोलणे तुटले की चाला, श्वास आवरला की पुन्हा धावा. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, स्नायूबंध आणि हाडे यांना काही महिने लागतात. घाई करणाऱ्याची दुखापत बहुधा या तफावतीतून येते. धीर धरणाऱ्याला मात्र धावून झाल्यावरची ती हलकी, प्रसन्न अवस्था भेटते, जिच्यासाठी तो पुन्हा पुन्हा घराबाहेर पडतो. ही किमया एंडॉर्फिनची, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०२१ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संशोधकांनी एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन लोकांना धावायला लावले, तरी ती प्रसन्नता टिकून राहिली. शरीर स्वतःच तयार करते ती भांगेतल्या द्रव्याशी नाते सांगणारी रसायने यामागे असावीत, असा त्यांचा कौल आहे. कारण काहीही असो, हा अनुभव पहिल्या तीन क्रमांकांपुरता राखून ठेवलेला नाही.

‘या वयात गुडघे जातील’ हा इशारा प्रत्येक नव्या धावकाला घरातूनच मिळतो. आधीच गुडघा दुखावलेला असेल किंवा वजन फार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये, हे खरेच. पण २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा हौशी धावकांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांत गुडघा किंवा खुब्याची झीज आढळली, बैठे जीवन जगणाऱ्यांत सुमारे १० टक्के आणि व्यावसायिक स्पर्धकांत १३ टक्क्यांहून अधिक. धोका पुन्हा टोकाच्या वेगात आणि अंतरात आहे, सावकाश धावण्यात नाही. हृदयाविषयीही असेच. शर्यतीत कोणी कोसळल्याची बातमी आपल्या लक्षात राहते आणि चाळिशीनंतर रक्तदाब, साखर, हृदय तपासून घेणे शहाणपणाचेच आहे. मात्र अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक प्रौढांचा जो दीर्घ अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात धावणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी होते, आणि दिवसाला पाच-दहा मिनिटे हळू धावणाऱ्यांनाही लाभ दिसला.

यापेक्षा जड आक्षेप वेळेचा आणि जागेचा आहे, आणि तो नुसत्या आकड्यांनी खोडून निघणार नाही. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. लोकलमध्ये उभ्याने जाऊन-येऊन तीन तास घालवणाऱ्या माणसाला ‘सकाळी धावा’ असे सांगणे सोपे, पण पाचला निघणाऱ्याने कधी धावायचे? आणि जागेचे म्हणाल तर, उल्हासनगरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक माणसे अवघ्या तेरा चौरस किलोमीटरांत राहत होती. अंबरनाथ आणि बदलापूर धरून हा आकडा तेव्हाच सव्वानऊ लाखांपुढे गेला होता. बायकांची अडचण याहून मोठी: अंधारात एकटीने बाहेर पडण्याची भीती, आणि उजाडल्यावर डबे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. हा फरक आळसाचा नाही, मोकळीक कोणाला किती मिळते त्याचा आहे. बारामतीच्या लता भगवान करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी धावून शर्यत जिंकल्या, त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. त्यांचे कौतुक करताना आपण सोयीस्करपणे विसरतो की त्या नवऱ्याच्या उपचारांचे पैसे हवेत म्हणून धावल्या. ती गरज होती. आवड लागायला थोडी फुरसत, थोडी सुरक्षितता आणि एक बरा रस्ता लागतो.

म्हणून नगरपालिकांनी आणि उल्हासनगर महापालिकेने वर्षातल्या एका रविवारची स्पर्धा भरवण्यापेक्षा उरलेल्या दिवसांचा विचार करावा. स्पर्धा घेऊ नयेत असे नाही. पण त्या आधीच धावणाऱ्यांना बोलावतात, नव्याला पहिले पाऊल टाकायला मदत करत नाहीत. बारवीच्या रस्त्यावर वस्ती संपेपर्यंत पुरेसे दिवे, डांबराच्या कडेला खड्डे बुजवलेली मातीची रुंद साइडपट्टी आणि रविवारी पहाटे पाच ते आठ डंपरना मनाई, एवढ्यानेही पुष्कळ होईल. जंगलाच्या पट्ट्यात दिवे नकोत, तो अंधार तिथल्या प्राण्यांचा आहे. पावसाळ्यात धरण आणि धबधब्यांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, ते धावकांनीही पाळावेत. गावकऱ्यांचा प्रश्नही रास्तच आहे: शहरवाल्यांच्या छंदापायी आमचा रस्ता का अडवता? एमआयडीसीच्या या धरणाची उंची वाढवली तेव्हा घरे आणि शेते याच लोकांची गेली, पाणी मात्र शहरांना मिळाले. तेव्हा दुधाची, भाजीची, दवाखान्याची गाडी कधीही अडणार नाही आणि वेळा ग्रामपंचायतींना विचारूनच ठरतील, ही अट आधी घालावी. साइडपट्टीचा पहिला फायदा तर तिथून पायी शाळेत जाणाऱ्या मुलांनाच होईल.

उल्हासनगरच्या माणसाला बारवीपर्यंत रोज जाता येणार नाही. त्याच्यासाठी पालिका शाळांची मैदाने पहाटे पाच ते सात उघडी ठेवावीत, फाटकाशी एक रखवालदार आणि काही वेळ फक्त स्त्रियांसाठी राखलेली. त्याच मैदानांवर दिवसा खेळाच्या तासाला आठवड्यातून एकदा सगळ्या वर्गाने वीस मिनिटे, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने धावावे. क्रमांक काढू नयेत, शिट्टीऐवजी शिक्षकांनी सोबत धावावे आणि फेऱ्या मारण्याची शिक्षा त्या दिवसापासून बंद करावी.