तिसऱ्या दिवशी दार उघडा

बाळ घरी आलं की हुबळीच्या केशवापुरातल्या मराठी घरांतही दार आधी ओढून घेतलं जातं. शेगडी, धुरी, बाळंतिणीच्या कानाला रुमाल. परक्याची दृष्ट नको म्हणून आलेल्याला उंबऱ्यावरूनच निरोप. अशा दारावर आशाताईंनी, म्हणजे वस्तीतल्या सरकारी आरोग्य कार्यकर्तीनं, थाप दिली की आपण म्हणतो, 'आत्ता नको, नंतर या.' नंतर कधी? पाचवी पुजायच्या आधी, तिसऱ्याच दिवशी, त्यांची फेरी असते. पुढे ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी.

पिशवीत वजनकाटा, तापमापक, घड्याळ. बाळाचे श्वास त्या मिनिटभर मोजतात. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर तडक दवाखाना. आजी कौतुकानं सांगतात, 'किती शहाणं आहे, रडतच नाही.' आशाताई मात्र आधी विचारतात, दूध ओढतंय का?

ही रीत गडचिरोलीत घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवलं आणि ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'नं ते छापलं, २०११ पासून देशभर आशांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मराठी मुलखातून निघालेली गोष्ट हुबळीत मराठी दारावरूनच परत फिरावी?

आपल्याकडे घोळ होतो तो माहेरपणानं. सासर केशवापुरात, बाळंतपण बेळगावला नाहीतर मिरजेला. नाव एका यादीत, बाळ दुसऱ्याच गल्लीत. सहाही फेऱ्या अशा निसटू शकतात. म्हणून डोहाळजेवणाचं बोलावणं करतानाच दोन्हीकडच्या आशाताईंना कळवा. लेक माहेरी आली असेल तर इथल्या ताईंना स्वतः जाऊन सांगा. सून सांगलीकडची असेल, कन्नड कळत नसेल, तर शेजारच्या काकूंनी मध्ये बसावं, एवढ्यानं भागतं.

आणि पैशांचं बोलूच. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून आशाताईंना अडीचशे रुपये ठरले. एका बारशाच्या पेढ्यांनाही ते पुरत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातल्या आशा बंगळुरूच्या फ्रीडम पार्कात बसल्या आणि महिन्याला किमान दहा हजारांचं आश्वासन घेऊन उठल्या. ते पाळलं जावं, वेळेवर हातात पडावं, असं पत्र महिला मंडळांनी, गणेश मंडळांनी आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला द्यावं. मराठीत नको, कन्नडमध्येच लिहा. लवकर वाचलं जाईल.

तुमच्या गल्लीत येत्या महिन्यात कोण बाळंत होणार आहे, ते आजच आशाताईंच्या कानावर घाला.