सुट्टीतले वाचन आणि ग्रंथालयाचे कर्तव्य

शाळांच्या परीक्षा आटोपून मुले मोकळी झाली, की पोहण्याच्या आणि चित्रकलेच्या वर्गांबरोबर उन्हाळी वाचनाच्या उपक्रमांच्याही जाहिराती झळकू लागतात. हे उपक्रम स्तुत्य आहेत यात शंका नाही. परंतु पुष्कळदा ते एकाच ठशाचे असतात. मुलाने ठरावीक पुस्तके वाचावी, वहीत त्यांची नावे टिपावी आणि अखेरीस प्रमाणपत्र घेऊन घरी जावे! बडोद्यासारख्या शहरात, जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत, तेथे सार्वजनिक ग्रंथालयाकडून याहून अधिक काही मागण्याचा आपणांस हक्क आहे. आणि हे मागणे त्या संस्थेच्या मूळ हेतूस धरूनच आहे.

तो हेतू कोणता? श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते शिक्षण साऱ्या राज्यास लागू केले. परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तक आले नाही, तर गिरवलेले अक्षर पुसून जाते, हे महाराजांनी ओळखले. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली, लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यांपर्यंत पोहोचू लागली. मुलांचीही वेगळी सोय झाली. ग्रंथालय चळवळीचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ साली दत्तक आलेल्या आणि बाराव्या वर्षी अक्षरओळख झालेल्या राजाने हे सारे करावे, यात नवल ते काय?

शाळेच्या खंडात विद्येचे काय होते, हा प्रश्न पुढे इतरत्रही तपासला गेला. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ बार्बरा हेन्स यांनी अटलांटा शहरातील शाळकरी मुलांचा अभ्यास करून १९७८ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. सुट्टीत मुलाची प्रगती ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत वाचनाचा वाटा सर्वांत ठळक दिसला. सार्वजनिक ग्रंथालयाचा उपयोगही त्यात मोलाचा ठरला. महाराजांच्या मनातली गोष्ट परमुलखातल्या आकड्यांनी अशी पुन्हा सांगितली.

आता आपल्या घरांकडे वळू. आपली मुले इंग्रजी अथवा गुजराती माध्यमात शिकतात. व्यवहार पाहता त्यात गैर काही नाही. घरी आजीशी मराठीत बोलणारे मूल मराठी पुस्तक मात्र उघडत नाही. म्हणजे इतर भाषांच्या बाबतीत सुट्टीचा खंड महिना-सव्वा महिन्याचा. मराठी वाचनाचा खंड बारमाही. संगीत शिकविण्याच्या व्यवसायामुळे हे आमच्या रोज नजरेस येते. शिकावयास येणारी आपलीच मुले अभंग इंग्रजी अक्षरांत लिहून आणतात. सूर लागतो, परंतु शब्द परक्यासारखा उमटतो.

वास्तविक ही अडचण दिसते तेवढी मोठी नाही. शाळेत हिंदी शिकताना देवनागरी लिपी मुलांना अवगत झालेलीच असते. उरते ती कानाची बाब. मराठीतला ‘च’ आणि ‘ज’ दोन तऱ्हांनी उच्चारला जातो आणि लिपी तो भेद दाखवीत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ एक नव्हेत.  हे पुस्तकातून कळत नाही, ऐकूनच कळते. गवयाच्या घरात मूल आधी वर्षानुवर्षे ऐकते आणि मग गाऊ लागते; भाषेचाही रियाज तोच.

म्हणून आमचे म्हणणे असे, की ग्रंथालयाने सुट्टीत सकाळच्या थंड वेळी, आठवड्यातून निदान तीन दिवस, मोठ्याने वाचून दाखविण्याचे वर्ग भरवावेत. वाचणारे कोण? निवृत्त शिक्षक आहेत, आज्या-आजोबा आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना शिबिरात बाळबोध गोष्टी ऐकावयास बसविण्यापेक्षा त्यांच्याकडून लहानांना गोष्टी वाचून घ्याव्या; जबाबदारी पडली की ती आपोआप घरून तयारी करून येतील. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ किंवा भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आजही ऐकणाऱ्यास धरून ठेवतो. आणि चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी हे तर याच शहरातील महाविद्यालयात पाली भाषेचे प्राध्यापक होते, हे आपल्यापैकी किती मुलांना ठाऊक आहे? मराठी बालपुस्तके मुलाच्या हातास येतील अशा खालच्या फळीवर मांडावी. पुस्तकांची मोजणी मात्र करू नये. एकच पुस्तक चार वेळा वाचणाऱ्या मुलास मागे पडलेला समजणे म्हणजे एकच राग महिनाभर घोटणाऱ्यास नापास करण्यासारखे आहे.

गुजरातच्या ग्रंथालयाने मराठीची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे, की हीच सोय गुजराती मुलांसाठीही असावी. इंग्रजी शाळेतल्या गुजराती मुलाची स्थिती आपल्या मुलाहून फार निराळी नाही. दोन दालनांत दोन भाषांतले वाचन चालावे आणि मुलांनी मन मानेल तिकडे बसावे, हे या शहराच्या परंपरेस शोभणारेच होईल.

परंतु सारा भार ग्रंथालयावर टाकून आपण मोकळे होऊ म्हटल्यास चालणार नाही. मागणी नसलेली पुस्तके कोणताही ग्रंथपाल फार काळ फळीवर ठेवू शकत नाही. आपल्या जुन्या वाड्यांतून कपाटे भरून मराठी पुस्तके आहेत. त्यांतली मुलांच्या उपयोगाची, धड बांधणीची निवडून ग्रंथालयास द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाचे नाव नोंदवावे, त्यास सोबत घेऊन जावे आणि तेथे अर्धा तास आपणही काही वाचीत बसावे. महाराजांनी पुस्तक दारापर्यंत आणून ठेवले आहे. उंबरठ्याच्या आत ते आपणच न्यावयाचे आहे.