निजामाकडून कोण?

ढोल-ताशा पथक झालं, राजगड झाला, हाफ मॅरेथॉनचं मेडल फ्रिजवर लटकलं. आता पुढे काय, हा प्रश्न पडलेल्या समस्त वीकएण्डवीरांनो, आमच्या लातूर-नांदेडच्या गँगकडून एक हटके आयडिया घ्या. इतिहास नुसता वाचायचा नाही, अंगावर घालायचा! युरोप-अमेरिकेत हा छंद जोरात आहे. लोक जुन्या लढाईतले कपडे स्वतः शिवतात, तंबू ठोकतात, ठासणीच्या बंदुकीचे बार काढतात आणि सोमवारी गपगुमान ऑफिसला जातात. आपल्याकडे हे प्रकरण बहुतेक वेळा शिवजयंतीच्या भाड्याच्या मावळ्यापाशी थांबतं. सॅटिनचा अंगरखा, पाठीला वेल्क्रो, पायात स्पोर्ट्स शूज. फोटो मस्त येतो, पण घाम पुसता येत नाही.

लढाई निवडायला आम्हाला दोन मिनिटंही लागली नाहीत. उदगीर, ३ फेब्रुवारी १७६०. एका बाजूला सदाशिवरावभाऊ, दुसऱ्या बाजूला सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजाम अली. नाव उदगीरचं, पण निजामाची फौज तिथून धारूरकडे सरकत होती आणि निर्णायक मार बसला तो औशाजवळ. तहात दौलताबादसारखा किल्ला मराठ्यांकडे आला. वर्षभरात हाच भाऊ पानिपतावर गेला आणि आमचं उदगीर शाळेच्या पुस्तकात पानिपताच्या आधीचा एक छोटा परिच्छेद होऊन बसलं.

कपड्यांचं काम वाटलं तेवढं अवघड नाही. देशाचा तिरंगा जिथे तयार होतो ती मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडचीच आणि तिचं विणकामाचं केंद्र थेट उदगीरला. म्हणजे उदगीरच्या लढाईचा अंगरखा उदगीरच्या खादीचा! बटणं नकोत, चेन तर नकोच, बंद लावून बांधायचा. खाली चोळणा, कमरेला शेला, डोक्याला पागोटं. टेलरला हे समजावणं हा वेगळा अध्याय आहे. ‘फिटिंग कसं ठेवू?’ हा त्याचा प्रश्न आणि ‘ठेवूच नका’ हे आमचं उत्तर. थंडीला घोंगडी. ती फेब्रुवारीतल्या रात्री स्लीपिंग बॅगच्या थोबाडीत मारते, फक्त टोचते. आणि हो, चहा नाही. १७६० साली औशाच्या शिपायाला चहा ठाऊक नव्हता. या एका नियमावर आमचे दोन सॉफ्टवेअरवाले गळाले.

राहुटीचा मोह सगळ्यांनाच होतो. पण राहुटी, डेरे, कनाती हा सरदारांचा थाट, साधा माणूस पालात झोपायचा. दोन काठ्या, एक आडवी, वर जाडंभरडं कापड. लातूरच्या मंडपवाल्याकडून जुनं सुती कापड घेतलं, नायलॉनची दोरी काढून सुतळी लावली की झालं. फौजेला धान्य पुरवणारे लमाणांचे बैलांचे तांडे पिढ्यान्‌पिढ्या असेच रस्त्यावर राहिले. त्यांची माणसं आजही नांदेड-लातूरच्या तांड्यांवर आहेत. काठी कुठे रोवायची, वारा कुठून घ्यायचा, हे आम्हाला यूट्यूबने नाही, अशाच एका तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी शिकवलं.

आता मेन मुद्दा, बंदूक. चकमकीची बंदूक कवायती गारद्यांसारख्यांची. बाकीच्यांकडे तोड्याची, जवळपास माणसाच्या उंचीएवढी. नळीत वरून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. मग कानात बारीक रंजक आणि जळती जामगी त्यावर टेकवायची. एवढ्यात समोरचा घोडेस्वार तुमच्यापर्यंत पोचू नये अशी प्रार्थना करायची. पाऊस आला तर फुसका बार! हे सगळं ऐकून हात शिवशिवतात, पण बॉस, ठासणीची असली तरी ती बंदूकच. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. डागडुजी करूनही जी चालूच शकणार नाही अशी जुनाट वस्तूच काय ती त्यातून सुटते. दारूचा कायदा तर आणखी वेगळा. म्हणून आम्ही सुताराकडून सागवानी दस्ता करून घेतला आणि नळीच्या जागी भरीव सळई बसवली. छिद्रच नाही, तर बार कुठला? वजन मात्र खरं. अर्धा तास खांद्यावर धरली की इतिहासाबद्दलची बरीच मतं बदलतात. खरी बंदूक बघायची तर हैदराबादचं सालारजंग म्युझियम आहे. उदगीरहून ते पुण्यापेक्षा जवळ आहे, हे पुणेकरांना पटत नाही.

नांदेडला होळीच्या वेळचा हल्लाबोल पाहिलाय का? निळे बाणे, घोडे, गतका, तळपती शस्त्रं. अंगावर काटा येतो. पण तो कुणाचा छंद नाही, ती हजूर साहिबची जिवंत परंपरा आहे. आमच्यातल्या एकाने तसा निळा चोगा शिवायचं काढलं होतं. त्याला तिथेच थांबवला.

अंगरखे शिवून झाले, पालं तयार झाली आणि मग प्रॉब्लेम आला. आठ जण, आठही भाऊंकडून. निजामाकडून कोण? कुणीच नाही. मी हात वर केला आणि घरी वादळ आलं. आमचे आजोबा रझाकारांच्या भीतीने सोलापूरच्या हद्दीवर जाऊन राहिलेले. आप्पांचा जन्म त्यानंतरचा, पण १७ सप्टेंबर १९४८च्या आधीच्या गोष्टी त्यांनी पोटभर ऐकलेल्या.

‘आपल्या घरात निजामाचा शिपाई? काय लावलंस रे हे?’

‘आप्पा, हा १७६०चा निजाम. रझाकार पार पावणेदोनशे वर्षांनंतरचे.’

‘निजाम तो निजामच.’

त्यांचं चुकतंय असं माझ्या तोंडून निघत नाही. पण हेही खरं की सिंदखेडचे जाधवराव, निंबाळकर अशी मराठी घराणी तेव्हा निजामाच्या चाकरीत होती. त्यांच्या हाताखालचा शिपाई काय काबूलहून आला होता? भाऊंच्या तोफखान्याचा कणा असलेला इब्राहिमखान गारदी स्वतः काही काळापूर्वीपर्यंत निजामाकडेच होता. आमच्या गावातला कुणी त्या दिवशी औशाला असलाच, तर भाऊंच्या विरुद्ध असण्याची शक्यताच जास्त, कारण हा मुलूखच निजामाचा. आणि साध्या शिलेदाराला वर्दी कुठली? घोडा आपला, हत्यार आपलं, कपडा आपला. निजामाचा शिपाई व्हायला मला अंगरखा बदलावा लागला नाही, यातच सगळं आलं. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘मग बदल.’

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. चार इकडे, चार तिकडे. किल्ल्यात चूल पेटवायची तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचं झेंगट, म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या वीकएण्डला पालं आमच्याच शेतात पडणार. जोंधळा उभा असेल, हुरडा असेल. आप्पांनी शेत दिलं, पण एका अटीवर. निजामवाल्यांनी ओढ्यापलीकडं ऱ्हायचं.

ओढ्यापलीकडे चिंचेची सावली आहे. भाऊंच्या फौजेला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.