कुलूपबंद संशोधन

तालुक्याच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी शोधनिबंध उघडते, गोषवारा वाचते आणि पुढे डॉलरमधली किंमत दिसते. वाचन तिथेच थांबते. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये शोधनियतकालिके वाचायला खुली करणाऱ्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके त्यात येतात, तीही सरकारी संस्थांपुरती. कुणालाही विनामूल्य वाचता येईल असे खुले प्रकाशन प्राध्यापकांना मनापासून पटते, पण निबंध जातो नावाजलेल्या नियतकालिकाकडेच. बढती त्यावर ठरते, त्यांना दोष तरी कसा द्यावा? केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या विभागांच्या निधीतून झालेल्या संशोधनाची स्वीकृत प्रत खुल्या भांडारात ठेवण्याचे धोरण २०१४ पासून आहे. विद्यापीठांनी बढतीच्या अर्जात त्या प्रतीचा दुवा सक्तीचा करावा.